सात नंबरच्या गाडीतून दिसणारी भिंत

न्यूयॉर्कला होतो तेव्हा रोज क्वीन्सहून सात नंबरच्या गाडीने ऑफिसला जायचो. क्वीन्समध्ये ही गाडी बरीचशी पुलावरून धावते. कोर्ट स्क्वेअर स्टेशनच्या आसपास पेपरातून डोकं वर काढलं की एक जुना कारखाना दिसायचा, खालपासून गच्चीपर्यंत चित्रांनी भरलेला. नाव फाइव्ह पॉइंट्झ. १८९२ साली बांधलेल्या या इमारतीत पूर्वी पाण्याचे मीटर बनायचे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला तो सगळा गचाळपणा वाटायचा. 'येथे जाहिराती लावू नयेत' हे वाक्य भिंतींवर वाचत लहानाचे मोठे झालो आपण!

मग कुतूहलाने थोडं वाचलं. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने टाकी १८३ नावाच्या पोरावर लेख छापला. मूळचं ग्रीक कुटुंब, काम निरोप्याचं, आणि घर १८३व्या रस्त्यावर. शहरभर हिंडताना तो मार्करने स्वतःचं टोपणनाव लिहीत सुटायचा. लेख आला आणि त्याचं पाहून शेकडो पोरं लिहू लागली. पुढे आगगाडीचे अख्खे डबे रंगले. शहराने कायदे केले, डबे धुतले, आणि १९८९च्या मे महिन्यात रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढल्याचं जाहीर केलं.

फाइव्ह पॉइंट्झचं वेगळेपण असं, की इथे मालकाचीच परवानगी होती. २००२पासून मेरेस वन हा चित्रकार तिथली व्यवस्था पाहायचा. कुणी कुठे रंगवायचं, कुठलं चित्र किती दिवस ठेवायचं, ते तो ठरवायचा. जगभरातून चित्रकार यायचे, त्यांच्या पाठोपाठ पर्यटक. ओसाड वस्तीला नाव मिळालं, आणि जागेचे भाव चढले. मालकाला तिथे टॉवर बांधायचे होते. चित्रकार कोर्टात गेले. पाडकाम थांबवायला कोर्टाने नकार दिला, पण सविस्तर निकाल लिहून येण्याआधीच, १९ नोव्हेंबर २०१३च्या पहाटे, मालकाने भिंतींवर पांढरा रंग फासला.

त्या सकाळी मी गाडीत होतो. रंग घाईघाईने मारलेला, खालचे आकार अजून पुसट दिसत होते. आमच्या डब्यात कुणीच काही बोललं नाही. एरवीही कुणी बोलत नाही म्हणा, पण त्या दिवशी जाणवलं.

इमारत पाडली ती २०१४मध्ये. म्हणजे रंग फासायची काही गरजच नव्हती! न्यायाधीशांनीही नेमकं हेच बोट ठेवलं. चित्रकारांच्या हक्कांचा १९९०चा कायदा लावून २०१८मध्ये त्यांनी ४५ चित्रांची, प्रत्येकी दीड लाख, अशी साडेसदुसष्ट लाख डॉलर भरपाई दिली. २०२०मध्ये वरच्या कोर्टानेही ती कायम ठेवली.

आता तिथे उंच टॉवर आहेत. त्यांचं नाव? फाइव्ह पॉइंट्झ! चित्रं पुसली, नाव मात्र विकायला ठेवलं.

टाकीने भिंतीवर फक्त स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा शहर त्याला घाण म्हणालं. मीही तेच म्हणत होतो. तसंच एक नाव आज टॉवरवर आहे, आणि त्याला कुणी घाण म्हणत नाही.

असो. सात नंबरची गाडी अजून त्याच वळणावरून जाते. गेल्या वेळी मी पेपरातून डोकं वर काढलं नाही.