तळटीप : जीवन्मुक्त

१४. जीवन्मुक्त : देह असतानाच मुक्त झालेला. लेखकाने येथे योग आणि वेदान्त ही नावे एका दमात घेतली आहेत. मुळात मात्र ही दर्शने एक नव्हेत. पतंजलींचे कैवल्य म्हणजे पुरुषाने प्रकृतीपासून वेगळे होणे. शांकर वेदान्तात ज्यापासून वेगळे व्हावे असे दुसरे काही उरतच नाही. म्हणूनच ब्रह्मसूत्रांत (२.१.३) योगाच्या तात्त्विक बाजूचे खंडन आहे. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘जीवन्मुक्तिविवेक’ लिहून साधनेच्या अंगाने दोन्ही जवळ आणली.

त्यांचा प्रश्न आजही बोचतो : आत्मज्ञान झाल्यावरही राग आणि अहंता का उरावी? उदाहरण म्हणून ते साक्षात याज्ञवल्क्यांनाच पुढे करतात. जनकाच्या सभेत वाद सुरू होण्यापूर्वीच बक्षिसाच्या गाई हाकून न्यायला सांगणारा हा ऋषी प्रतिवादी शाकल्याशी वाद त्याचे मस्तक गळून पडेपर्यंत ताणतो. पुढे पत्नी मैत्रेयीला उपदेश करून तो घर सोडतो, ते विद्यारण्यांच्या मते चित्ताच्या विश्रांतीसाठी. एवढ्या थोर ज्ञान्याचे उणेपण इतक्या आदराने आणि इतक्या निर्भयपणे दाखवणारा आचार्य विरळाच.

तत्त्वज्ञान, वासनाक्षय आणि मनोनाश यांचा अभ्यास बरोबरीने व्हावा, असे ते योगवासिष्ठाच्या आधारे सांगतात. मनोनाश म्हणजे जडपणा नव्हे, वृत्तींचा निरोध. त्यासाठी त्यांनी पतंजलींचा अभ्यासक्रम स्वीकारला आहे. मूळ ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथावलीत छापलेला आहे.