‘डाऊन चार्ज’ : शिकारी श्वानांच्या शिक्षणातील एका आज्ञेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या शिकारीसाठी तयार केल्या जाणाऱ्या तरुण कुत्र्याला ज्या मोजक्या आज्ञा शिकवीत, त्यांत ‘डाऊन चार्ज’ ही एक होती. बार होताच कुत्र्याने जागच्या जागी पोट टेकून बसावे व पुढील इशारा होईपर्यंत हलू नये, हा तिचा आशय. येथे ‘चार्ज’ म्हणजे हल्ला नव्हे. बंदूक भरणे होय. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा व छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागत. तेवढ्या अवधीत कुत्रे मेलेल्या पक्ष्याकडे धावले, तर गवतात दडलेले उरलेले तितर उडून जात आणि शिकारी रिकाम्या बंदुकीनिशी पाहत राही. आज्ञा कुत्र्याला, पण कारण बंदुकीचे!

अर्थात जमिनीला चिकटणे हा गुण बंदुकीहून जुना आहे. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी 1570 मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या श्वानविषयक ग्रंथात पक्ष्यांचा माग लागताच दबून सरपटणाऱ्या कुत्र्याचे वर्णन आहे. पारधी त्या पक्ष्यांवर जाळे पसरी. कायस यांनी त्याला ‘इंडेक्स’, म्हणजे दर्शक, म्हटले. अब्राहम फ्लेमिंग यांच्या 1576 च्या इंग्रजी भाषांतरात तो ‘सेटर’ झाला. जाळे गेले, नाव राहिले. तथापि या दोन बैठका एक मानणे बरोबर नाही: पहिली गंध लागल्यावरची, दुसरी बार झाल्यानंतरची. पहिलीला उपजत प्रवृत्तीचा आधार आहे, दुसरी प्रवृत्तीच्या विरुद्ध आहे. म्हणूनच ती शिकवणे कठीण.

ती कशी शिकवावी याचे सविस्तर विवेचन डब्ल्यू. एन. हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याच्या 1848 च्या ‘डॉग ब्रेकिंग’ या पुस्तकात आढळते. शीर्षकातील क्रियापदाचा मूळ अर्थ ‘मोडणे’; प्रतिपादन मात्र जवळजवळ उलट. प्रारंभिक धडे शिकारीच्या रानात न देता घरीच द्यावेत, हात उंच उभारण्याच्या खुणेला शब्दाची जोड द्यावी, एका आज्ञेचा एकच अर्थ सदैव पाळावा व चाबकापेक्षा बक्षिसावर भिस्त ठेवावी, असा त्याचा आग्रह. खुणेचा व अर्थाचा संबंध सातत्यानेच रुजतो, हे तत्त्व भाषाभ्यासकाला परिचितच आहे.

1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात लेफोशे यांची मागून भरण्याची बंदूक मांडली गेली, आणि पुढील दोन दशकांत इंग्लंडमध्ये ठासणीची बंदूक मागे पडली. आता भरणे क्षणाचे काम झाले. आज्ञेचे मूळ कारण संपले. पण ती बैठक टिकली. 1865 मध्ये बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे पॉइंटर व सेटर यांची पहिली मैदानी परीक्षा झाली. पुढे अशा परीक्षांतून बार झाल्यावरचे स्थैर्य हीच कुत्र्याच्या शिक्षणाची कसोटी ठरत गेली. आजही इंग्रजी श्वानशिक्षक ‘बाराला बसणे’ शिकवितात. ‘चार्ज’ हा शब्द तेवढा त्यातून गळाला आहे.