हेराल्डचे पुढचे सस्पेन्शन : मोटार-देखभालीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

भारतातील मोटार उद्योगाचा इतिहास सोलापुरात सांगायचा झाल्यास त्याची सुरुवात शेठ वालचंद हिराचंद यांच्यापासून होते, आणि ते योग्यही आहे. १८८२ मध्ये सोलापूर येथे जन्मलेल्या या उद्योजकाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. मात्र या विषयावरील बहुतेक लेखन कारखान्याची स्थापना, परदेशी कंपन्यांशी झालेले करार आणि सरकारी परवाने यांपाशीच थांबते. गाडी विकली गेल्यानंतर पुढील वीस-तीस वर्षे ती कोणी, कशी आणि कोणत्या सुट्या भागांवर चालती ठेवली, हा प्रश्न आपल्या औद्योगिक इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार एका लहानशा यांत्रिक भागाच्या आधारे केला आहे. तो भाग म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे पुढचे सस्पेन्शन.

हा विषय प्रथमदर्शनी आपल्या प्रदेशापासून दूरचा वाटेल. एम.जी. किंवा ट्रायम्फ या कंपन्यांच्या दोन आसनी गाड्या भारतात फार थोड्या आल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्यांच्याकडे उत्पादनाचा कार्यक्रम होता अशाच कंपन्यांना येथे स्थान उरले. १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनेही आपले काम बंद केले. पुढे परकीय चलनाच्या टंचाईमुळे मोटारींची आयात जवळजवळ थांबली. अशा काळात छंदाच्या गाडीला परवाना कोण देणार?

तथापि, स्पोर्ट्स कार आली नाही तरी तिची पुढची चाके ज्यावर उभी असतात ती यंत्रणा भारतात आली, आणि तीही सामान्य कुटुंबाच्या गाडीखालून. इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये विक्रीस आलेली ट्रायम्फ हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार केली. याच हेराल्डचे पुढचे सस्पेन्शन इंग्लंडमध्ये १९६२ च्या ट्रायम्फ स्पिटफायरला बसविले गेले, आणि त्यातील उभ्या दांड्याचा उपयोग लोटस कंपनीनेही आपल्या एलान या गाडीत केला. त्यामुळे डेक्कनच्या रस्त्यावर धावणारी चार आसनी हेराल्ड आणि इंग्लंडमधील स्पिटफायर यांचे पुढच्या चाकांपुरते नाते सख्ख्या बहिणींचे होते.

या रचनेचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. चाकाच्या बाजूस वर व खाली एकेक त्रिकोणी आर्म, त्यांच्यामध्ये गुंडाळीची स्प्रिंग व तिच्या आत शॉक अॅब्सॉर्बर, आणि दोन्ही आर्मना जोडणारा एक उभा पोलादी दांडा. या दांड्याचे वरचे टोक बॉल जॉइंटमध्ये असते. खालच्या टोकाला आटे पाडलेले असून ते ‘ट्रनियन’ नावाच्या पितळी भागात फिरतात. स्टिअरिंग वळविले की दांडा या आट्यांत किंचित वर-खाली होत फिरतो. अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात हेराल्ड वळू शके, यामागे हीच पुढील चाकांची रचना होती.

तिचे मर्मस्थानही हेच ट्रनियन. निर्मात्याची सूचना स्पष्ट होती की येथे ग्रीस न भरता घट्ट गिअर ऑइल द्यावे. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही. तेथे पाणी टिकते, गंज चढतो आणि झीज वाढते. शेवटी दांडा आट्यांपाशी तुटतो व चाक गाडीखाली दुमडते. आता आपल्याकडील सर्व्हिसिंगची पद्धत लक्षात घ्यावी. ट्रकच्या किंगपिनपासून सर्वत्र ‘ग्रीसिंग’ हाच देखभालीचा पर्याय मानला जाई. एका हाताने ग्रीसगन घेऊन निपल दिसेल तेथे ती लावणे ही कारागिराची सवय होती. ट्रकला तारणारी तीच सवय हेराल्डला मारक ठरण्याचा संभव होता. कौशल्याचा अभाव हे अशा बिघाडाचे कारण नव्हे. एका यंत्रावर मिळविलेले कौशल्य दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे वापरले गेले, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. तंत्रज्ञानाच्या हस्तांतरणाची चर्चा करताना आपण आराखडे आणि यंत्रसामग्री मोजतो. तेलाच्या डब्यावरील सूचना मात्र मोजत नाही.

त्या काळी भारतीय रस्त्यांवर आणखी दोन प्रमुख रचना होत्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या अॅम्बेसेडरमध्ये पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पिळाचे गज होते आणि ती २०१४ पर्यंत निघत राहिली. प्रीमियरच्या फियाट ११०० व पुढे पद्मिनी या गाड्यांत दोन आर्म व गुंडाळीची स्प्रिंग होती. मुंबईतील टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग व ते जाणणारे हात दीर्घकाळ उपलब्ध राहिले. २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. हेराल्डला असा आधार लाभला नाही. तिची उत्तराधिकारी गॅझेल १९७७ मध्ये बंद पडली आणि भागांचा नियमित पुरवठा करणारा कारखानाच उरला नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात रस्त्यांचाही विचार करावा लागतो. येथील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील रस्ता सपाट राहणे कठीण. ग्रामीण भागातील अनेक रस्त्यांची खडी १९७२ च्या दुष्काळी कामांवर मजुरांनी फोडलेली आहे. अशा रस्त्यांवर रबरी बुश, स्प्रिंग व बॉल जॉइंट यांचे आयुष्य इंग्लंडमधील पुस्तकात दिलेल्या अंतराने मोजणे व्यर्थ होय.

‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थही दोन देशांत निराळा आहे. इंग्लंडमधील छांदिष्ट आपल्या जुन्या एम.जी.बी. गाडीचे लिव्हर पद्धतीचे शॉक अॅब्सॉर्बर काढून नळीच्या आकाराचे बसवितो किंवा रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालतो, तेव्हा बाजारात उपलब्ध असलेल्या अनेक पर्यायांतून तो निवड करीत असतो. आयातबंदीच्या काळातील भारतीय मालकापुढे अशी निवड नव्हती. मूळ भाग न मिळाल्यास लेथवर काढून घेतलेला किंवा दुसऱ्या गाडीचा जुळवलेला भाग हाच मार्ग उरे. पहिल्या प्रकारास सुधारणा आणि दुसऱ्यास ‘जुगाड’ म्हणण्याची प्रथा प्रस्तुत लेखकास मान्य नाही. दोन्हींची कसोटी एकच असावी : पोलाद योग्य प्रतीचे आहे काय, आणि चाकांचा कोन बरोबर राहतो काय?

हा प्रश्न केवळ शब्दांचा राहिलेला नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व मोठे फेरबदल न झालेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविण्याचे नियम केले व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आणली. फेरबदलांच्या व्याख्येत चासी, बॉडी शेल व इंजिन यांचा उल्लेख आहे. सस्पेन्शनचा स्वतंत्र उल्लेख नाही. १९६१ ची हेराल्ड वयाच्या अटीत केव्हाच बसली आहे, तर १९७७ च्या गॅझेलला २०२७ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतात. तिच्याखालील साठ वर्षांपूर्वीचा दांडा मूळ असल्याचा अभिमान बाळगावा, की आट्यांतील न दिसणाऱ्या भेगेच्या भीतीने तो बदलावा? दांडा बाहेर काढून तपासल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. आणि बदलल्यास तो कोणत्या वर्षी, कोणत्या धातूचा व कोठे घडविला याची नोंद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवणे, हे संग्राहकाइतकेच इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम ठरते. गॅरेजची जुनी बिले आज बहुतेक ठिकाणी रद्दीत जातात.