दोन अक्षरांचा हिशेब: शेंद्र्याची ऑक्टाविया आरएस

‘आरएस’ ही अक्षरे स्कोडाच्या ऑक्टाविया मोटारीच्या मागच्या दारावर भारतात पहिल्यांदा 2004 साली झळकली. त्यानंतरच्या दोन दशकांत याच अक्षरांची मोटार पाच वेगवेगळ्या रूपांत विकली गेली. बॅज तोच राहिला, पण त्यामागचे इंजिन, त्याची ताकद आणि मोटार कोणत्या वाटेने देशात आली, हे दर वेळी बदलत गेले. म्हणून ‘आरएस’ म्हणजे काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी साल विचारावे लागते.

या मोटारीचे मराठी मुलुखातले गाव म्हणजे शेंद्रा. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, जालना रस्त्यावरच्या एमआयडीसीत स्कोडाने कारखाना उभारला आणि 2001 च्या नोव्हेंबरात तिथून ऑक्टाविया बाहेर पडू लागली. चेक प्रजासत्ताकातून सुट्या भागांचे संच यायचे आणि शेंद्र्यात त्यांची जोडणी व्हायची. पूर्ण तयार मोटार आयात केली की जकात फार जड बसते, सुटे भाग आणून जोडले की ती बरीच हलकी होते. ऑक्टावियाची सगळी बाजारपेठ या फरकावर उभी राहिली आणि पुढे आरएसचे नशीबही त्यावरच ठरले.

शेंद्र्याहून उत्तरेकडे निघालेला रस्ता कन्नड घाट उतरून चाळीसगावमार्गे धुळ्याला येतो. हाच जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 211. धुळ्यात त्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे महामार्ग भेटतात, आणि पांझरा नदी ओलांडली की देवपुरातून आग्रा रोड शिरपूरकडे, पुढे मध्य प्रदेशाकडे जातो. 2001 ते 2005 या काळातली ऑक्टाविया समजून घ्यायची तर हे रस्ते डोळ्यांपुढे हवेत. दुपदरी डांबर, समोरून येणाऱ्या मालट्रकांची रांग आणि ओव्हरटेक करायला मिळणारी जेमतेम जागा. अशा रस्त्यावर मोटारीच्या कमाल वेगाला फारसा अर्थ नसतो. साठ-सत्तरच्या वेगात असताना पाय दाबल्यावर ती किती लवकर पुढे निघते, हेच महत्त्वाचे असते. खानदेशातल्या गिऱ्हाइकाने डिझेल ऑक्टाविया का उचलून धरली, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे डिझेलच्या दरात.

त्या वेळी ऑक्टावियाच्या व्हेरिएंटांची नावे इंजिनावरून पडलेली नव्हती, सजावटीवरून होती. अँबिएंटे, त्यावर एलिगन्स, शिवाय रायडर, आणि सगळ्यात वर ‘लॉरिन अँड क्लेमेंट’. या शेवटच्या नावामागे खरा इतिहास आहे. व्हाक्लाव लॉरिन आणि व्हाक्लाव क्लेमेंट या दोघांनी 1895 मध्ये म्लादा बोलेस्लाव या गावी सायकली बनवायला सुरुवात केली. सायकलीनंतर मोटारसायकली आल्या, मग मोटारी, आणि 1925 मध्ये हा धंदा स्कोडा या अवजड यंत्रांच्या कंपनीत विलीन झाला. संस्थापकांची नावे कंपनीने पुढे सर्वांत महागड्या सजावटीला दिली. लॉरिन अँड क्लेमेंट म्हटले की चामडी सीट, लाकडी छटेच्या पट्ट्या, आरामाच्या जास्तीच्या सोयी. बॉनेटखाली मात्र बहुतेक वेळा तेच इंजिन, जे खालच्या व्हेरिएंटात मिळे.

आरएसचा दावा याच्या उलट होता. ती सजावटीची पायरी नव्हे, वेगाची जात आहे, असे तिचे म्हणणे. आरएस म्हणजे ‘रॅली स्पोर्ट’. 1974 मध्ये स्कोडाने 180 आरएस आणि 200 आरएस या शर्यतीच्या मोटारी बनवल्या, पाठोपाठ 130 आरएस आली. तेराशे सीसीची ही छोटी, हलकी मोटार 1977 च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात पहिली आली आणि 1981 मध्ये तिच्या जोरावर स्कोडाने युरोपीय टूरिंग कार स्पर्धेत उत्पादकांचे विजेतेपद पटकावले. लोखंडी पडद्याआडच्या देशातून आलेल्या मोटारीने पश्चिमेच्या मोटारींना मागे टाकणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. रस्त्यावरच्या ऑक्टावियाला ही अक्षरे 2000 साली मिळाली. ब्रिटनमध्ये फोर्ड आपल्या वेगवान मोटारींना आधीपासून आरएस म्हणत असल्याने तिथे ती ‘व्हीआरएस’ झाली.

2004 मध्ये भारतात आलेल्या आरएसमध्ये 1.8 लिटरचे, वीस व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. पेट्रोल मोटारीला टर्बो ही त्या वेळी आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट होती. टर्बो म्हटले की डिझेल आठवायचे. पण युरोपातल्या आरएसचे इंजिन 180 अश्वशक्तीचे होते आणि भारतातल्या मोटारीला 150 अश्वशक्तीचेच मिळाले. इंजिनाचे कुळ एक, पण युरोपातल्या इंजिनाची घडण वेगळी, टॉर्कही जास्त: तिकडे 235 न्यूटन मीटर, इकडे 210. म्हणजे बंपर, स्पॉयलर, सीट आणि बॅज आरएसचे असले, तरी बॉनेटखाली एक पायरी खालचे इंजिन होते.

इथे एक आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. 1.9 टीडीआय डिझेल ऑक्टावियाची ताकद 90 अश्वशक्ती आणि टॉर्क 210 न्यूटन मीटर. आरएसचा टॉर्कही 210 न्यूटन मीटरच. मग दोघींत फरक कुठला? टॉर्क म्हणजे इंजिनाची एका फेऱ्यातली ओढ. अश्वशक्ती म्हणजे ती ओढ किती फेऱ्यांपर्यंत टिकते याचा हिशेब. डिझेलची पूर्ण ओढ 1900 फेऱ्यांच्या आसपास मिळते आणि मग ओसरू लागते. चार हजारांपाशी तिचे काम संपलेले असते. आरएसची तीच ओढ 1750 पासून 4600 फेऱ्यांपर्यंत सपाट राहते आणि जोर त्यापुढेही चालू असतो. म्हणून गावातून निघताना दोन्ही मोटारी सारख्याच वाटत. फरक कळायचा तो कन्नड घाटाच्या चढावर. दुसऱ्या गिअरात डिझेल दमून वरचा गिअर मागू लागे, तेव्हा आरएसला त्याच गिअरात अजून बरेच अंतर बाकी असे. 150 अश्वशक्तीची ती आरएस ‘कमी’ होती हे खरे, पण खोटी नव्हती. साध्या ऑक्टावियाहून ती वेगळ्या इंजिनाची, वेगळ्या स्वभावाची मोटार होती, आणि शेंद्र्यात जोडलेल्या सगळ्या आरएसमध्ये जुन्या जाणकारांचा जीव हिच्यावर जास्त जडला, यात नवल नाही.

दुसरी आरएस हा या इतिहासातला सर्वांत कमकुवत दुवा. ऑक्टावियाची दुसरी पिढी 2005 मध्ये भारतात आली, तीही ‘लॉरा’ या नावाने. पहिल्या पिढीची ऑक्टाविया अजून जोरात खपत होती, ती 2010 पर्यंत चालू राहिली, आणि एका नावाच्या दोन मोटारी एकाच दुकानात ठेवणे शक्य नव्हते. लॉराची आरएस 2011 मध्ये आली. तिच्यात 1.8 टीएसआय, 160 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटरचे इंजिन होते. हेच इंजिन साध्या लॉरा 1.8 टीएसआयमध्येही मिळत होते. त्याच सुमारास युरोपातल्या पेट्रोल आरएसमध्ये दोन लिटरचे 200 अश्वशक्तीचे इंजिन होते.

मग आरएस म्हणून गिऱ्हाइकाला काय मिळाले? वेगळे बंपर, स्पॉयलर, चाके, खेळाडू धाटणीच्या सीट आणि थोडे कडक सस्पेन्शन. मोटार चांगली होती. सहा गिअरांची मॅन्युअल पेटी आणि ते टीएसआय इंजिन यांची जोडी आजही आनंद देते. पण आरएसचे मूळ वचन इंजिनाचे होते आणि ते इथे पाळले गेले नाही. त्या बॅजसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला शेजारच्या साध्या लॉराहून एकही अश्वशक्ती जास्त मिळत नव्हती. व्हेरिएंटांच्या भाषेत ही लॉरा आरएस लॉरिन अँड क्लेमेंटच्या रांगेतली, म्हणजे सजावटीची मोटार.

2013 मध्ये तिसरी पिढी पुन्हा ऑक्टाविया या नावाने आली आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये तिची आरएस. या वेळी काहीही हातचे राखलेले नव्हते. दोन लिटरचे टीएसआय, 230 अश्वशक्ती, 350 न्यूटन मीटर, सहा गिअरांची डीएसजी ही स्वयंचलित गिअरपेटी, आणि सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत 24.62 लाख रुपये. त्याच काळातल्या साध्या ऑक्टावियाच्या 1.8 टीएसआयची ताकद 180 अश्वशक्ती होती, 1.4 टीएसआयची 150. म्हणजे वरच्या साध्या मोटारीपेक्षा थेट 50 अश्वशक्ती आणि 100 न्यूटन मीटर जास्त. भारतात पहिल्यांदाच आरएस युरोपातल्या आरएसच्या बरोबरीला आली.

मात्र 230 या आकड्यातही एक मेख आहे. युरोपात 2015 मध्ये ‘आरएस 230’ ही खास आवृत्ती होती आणि साधी आरएस 220 अश्वशक्तीची. 2017 च्या नव्या चेहऱ्यानंतर 230 हीच तिथली साधी आरएस झाली आणि खास आवृत्तीचा मान 245 कडे गेला. भारतात आलेली ती नव्या चेहऱ्याची 230. त्यामुळे तिला मर्यादित आवृत्ती म्हणणे चूक ठरेल. ती पूर्ण ताकदीची, नेहमीची आरएस होती आणि शेंद्र्यात जोडली जात असल्यामुळेच तिची किंमत पंचवीस लाखांच्या आत बसली. तिच्या जवळपास जाईल अशी आयात मोटार त्या पैशांत मिळत नव्हती. विक्रीला आलेल्या मोटारी भराभर संपल्या, हे त्यामुळे अपेक्षितच होते.

याच पिढीत काळ्या आरशांच्या, काळ्या चाकांच्या आणि काळ्या स्पॉयलरच्या ‘ऑनिक्स’ नावाच्या ऑक्टावियाही विकल्या गेल्या. त्यांच्यात इंजिन साधेच. लांबून पाहणाऱ्याला त्या आरएसच्या बहिणी वाटतात. नाते मात्र फक्त रंगाचे.

245 ही खरी मर्यादित आवृत्ती. 2020 च्या फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत ती मांडली गेली आणि देशासाठी फक्त 200 मोटारी ठरल्या. ताकद 245 अश्वशक्ती, टॉर्क 370 न्यूटन मीटर, सात गिअरांची डीएसजी, 18 इंची चाके, आणि पुढच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डिफरेन्शियल. वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते घसरत फिरू नये, ही त्याची कामगिरी. ताकदीतला 15 चा फरक कागदावर मोठा दिसतो, पण चालवणाऱ्याला त्याहून जास्त हे डिफरेन्शियल जाणवते.

किंमत मात्र 35.99 लाख. पंधरा अश्वशक्तीसाठी अकरा लाख कसे? कारण ही मोटार शेंद्र्याची नव्हतीच. 2018 च्या नियमानुसार परदेशी कंपनीला वर्षाला 2,500 मोटारी भारतात वेगळ्या चाचण्यांशिवाय आणता येऊ लागल्या. त्या सवलतीत ती पूर्ण तयार होऊन आली. चाचण्यांचा खर्च वाचला, जकात वाचली नाही. किमतीतला बराचसा फरक जकातीचा आहे, यंत्राचा नाही. ऑनलाइन नोंदणी 1 मार्चला सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या शेवटी देशभर टाळेबंदी लागली. तरीही दोनशेच्या दोनशे मोटारी विकल्या गेल्या.

सेकंडहँड बाजारात या सगळ्या इतिहासाला रोकड किंमत येते. स्पॉयलर, बंपर आणि बॅज सुटे मिळतात. ते कोणत्याही ऑक्टावियावर बसवता येतात आणि बसवलेही जातात. त्याउलट रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदललेल्या साध्या 1.8 मोटारीची ताकद आरएसच्या जवळ जाते, पण ब्रेक, सस्पेन्शन आणि गिअरपेटी साध्याच राहतात. म्हणून बॅज न पाहता आरसी बुकातले मॉडेलचे नाव, चॅसिस क्रमांक आणि इंजिनाची सीसी पाहावी. 2017 च्या किंवा त्यानंतरच्या आरएसच्या कागदावर दोन लिटरचे पेट्रोल इंजिन दिसलेच पाहिजे. लॉराच्या बाबतीत ही खूण चालत नाही, कारण तिथे साध्या आणि आरएस मोटारीची सीसी एकच. तिथे चॅसिस क्रमांकावरून कंपनीकडे खातरजमा करून घेणे हाच मार्ग.

चौथ्या पिढीची ऑक्टाविया 2021 मध्ये शेंद्र्यात जोडली जाऊ लागली, 190 अश्वशक्तीच्या एकाच इंजिनासह, स्टाइल आणि लॉरिन अँड क्लेमेंट या दोन व्हेरिएंटांत. तिला आरएस मिळाली नाही, आणि 2023 मध्ये उत्सर्जनाचे कडक नियम आले तेव्हा ती बंद झाली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आरएस परत आली, पण साध्या ऑक्टावियाशिवाय, एकटीच: 265 अश्वशक्ती, 370 न्यूटन मीटर, 49.99 लाख रुपये आणि संपूर्ण देशासाठी 100 मोटारी. त्याही तयार होऊन, जहाजाने आल्या.