राख काँक्रीटमध्ये शिरली कशी?

बांधकामावर पीपीसीच्या, म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या सिमेंटच्या, गोण्या उतरल्या की जुना मिस्त्री हमखास कुरकुरतो, ‘राखेचं सिमेंट कशाला आणलंत?’ सिमेंट परमिटवर मिळायचं, त्या दिवसांपासून राख म्हणजे भेसळ हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण या राखेला काँक्रीटमध्ये मानाचं स्थान मिळालं ते लबाडीने नाही. पर्यावरणाचं नाव तर तेव्हा कुणी घेतही नव्हतं. तिला आत घेतलं ते मुख्यतः काँक्रीटचा ताप उतरवायला.

तिचं मूळ घराणं ज्वालामुखीचं. नेपल्सजवळच्या पोत्सुओली परिसरातली ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे रोमन गवंड्यांना ठाऊक होतं. व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ते लिहूनही ठेवलं. अशा पदार्थांना पोझोलाना म्हणतात ते त्या गावावरूनच. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण तो कठीण बेसॉल्टचा. चुन्यात कालवायला राख आणायची कुठून? आपल्याकडे मग भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घाणीत चुन्याबरोबर मळली जाई. काम तेच, फक्त ज्वालामुखीच्या जागी वीटभट्टी.

कोळशाच्या राखेची पाळी विसाव्या शतकात आली. १९२०च्या दशकात अमेरिकेतली वीजकेंद्रं कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकू लागली. कोळशात मिसळलेली माती त्या धगीत वितळते, धुराबरोबर उडताना तिचे थेंब गोल होतात आणि गार होऊन काचेचे सूक्ष्म मणी बनतात. ही धूळ चिमणीतून बाहेर पडू नये म्हणून तिला विजेचा भार देऊन पकडणारी यंत्रं बसली. हवा थोडी स्वच्छ झाली, आणि केंद्राच्या दारात राखेचे ढीग साचले.

१९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले रेमंड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या राखेच्या काँक्रीटवरच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. हूवर धरणासाठी सिमेंटचा अभ्यास डेव्हिस यांनीच केलेला, त्यामुळे मोठ्या धरणाचं खरं दुखणं त्यांना माहीत होतं. पाण्याशी संयोग होताना सिमेंट उष्णता सोडतं. घराच्या स्लॅबमधून ती सहज निघून जाते, धरणाच्या पोटातून निघायला वर्षं लागतात. बाहेरचं अंग थंड होऊन आकसतं, आतलं तापलेलंच राहतं, आणि मग तडा जातो. हूवर धरणात यासाठी काँक्रीटमध्ये शेकडो मैल नळ्या पुरून थंड पाणी खेळवावं लागलं. सिमेंटच कमी करून त्याची उरलेली जागा राखेला दिली तर उष्णताही कमी. १९४२ साली हूवरच्याच एका बोगद्याच्या दुरुस्तीत राख वापरली गेली. खरी परीक्षा मोंटानातल्या हंग्री हॉर्स धरणात झाली. १९४८ ते १९५३ या काळात तिथे एक लाख टनांहून जास्त राख ओतली, तीही दूरच्या शिकागोकडून आणलेली. टाकाऊ वस्तू इतक्या लांबून मागवावी, यातच तिची पत किती वाढली होती ते कळतं.

शिवाय राख नुसती जागा अडवत नाही. सिमेंट घट्ट होताना थोडा मोकळा चुना मागे राहतो. राखेतली सिलिका तो चुना धरते आणि सिमेंटसारखाच नवा चिकट पदार्थ तयार करते. त्याने बारीक छिद्रं बुजतात, खारं पाणी सळईपर्यंत सहज पोचत नाही. गोल मण्यांमुळे माल कमी पाण्यातही सरकतो. पण हे सगळं सावकाशीने. सुरुवातीच्या दिवसांत राखेचं काँक्रीट मागे पडतं, तीन महिन्यांनी बरोबरीला येतं किंवा पुढेही जातं. धरणाला घाई नसते, बिल्डरला असते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या सिमेंटच्या कामावर किमान ७ दिवस पाणी मारायला सांगितलंय, राखमिश्रित कामावर किमान १०. त्या ३ दिवसांचं पाणी कुठे जातं, हे साइटवर विचारू नये.

भारतात राख पहिल्यांदा वापरली ती उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणात, १९६२च्या सुमारास. तिथे साधारण १५ टक्के सिमेंटची जागा तिने घेतली. आज पीपीसीच्या गोणीत १५ ते ३५ टक्के राख चालते. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण बहुधा ३० टक्क्यांच्या वर, म्हणून १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती वापरण्याची सक्तीच केली. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला तर कोरडसर काँक्रीट रोलरने दाबून धरण उभं राहिलं, आणि त्यात सिमेंटपेक्षा राख जास्त होती.

निम्म्याहून जास्त राख घालायचा हा धीटपणा कॅनडातल्या मोहन मल्होत्रा यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांमधून आला. बर्कलीच्या पी. कुमार मेहता यांनी १९९९ साली हवाईतल्या काउआई बेटावर एका शिवमंदिराचा पाया याच पद्धतीने घातला. मंदिर हजार वर्षं टिकावं ही अट, म्हणून गंजणारी सळई एकही नाही.

ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद पडलं. ताजी राख तिथे आता बाहेरूनच आणावी लागते, नाहीतर जुने साठे उकरावे लागतात. आपल्याकडे कोराडी, चंद्रपूरचे राखेचे तलाव अजून भरतच आहेत.