दोन बफरांमधला माणूस

९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधील बरौनी स्थानकात एका एक्सप्रेस गाडीचे इंजिन डब्यापासून सोडवण्याचे काम चालू होते. शंटिंगवरचा कर्मचारी रोजच्याप्रमाणे इंजिन आणि डबा यांच्यामधील जागेत उतरला. इंजिन मागे सरकले आणि तो मध्येच चिरडला गेला. त्या दृश्याचे छायाचित्र देशभर पसरले व चर्चा लगेच ‘चूक कोणाची’ या प्रश्नाकडे वळली. त्याआधीचा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही: माणसाला त्या जागेत मुळात उतरावे का लागते?

या प्रश्नाचा इतिहास रेल्वेइतकाच जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा रुळांबरोबर डबे जोडण्याची ब्रिटिश पद्धतही भारतात आली. डब्याच्या टोकाला दोन्ही बाजूंस धक्का शोषणारे बफर आणि मधोमध आकडा, अशी ती रचना. आकड्यात साखळीच्या कड्या अडकवायच्या, किंवा आट्यांची कपलिंग घालून ती पिळून घट्ट करायची. हे सारे हातानेच करायचे असल्यामुळे जिथे दोन डब्यांचे बफर भेटतात, नेमक्या तिथेच माणसाला उभे राहावे लागे. शेकडो टनांची गाडी हातभर सरकली, तरी त्याला निसटायला वाव नसे.

अमेरिकेतही तीच कथा होती. तेथे कडी आणि खीळ वापरून डबे जोडले जात आणि त्या कामात बोटे, हात व प्राण जात. १८७३ मध्ये एली जॅनी यांनी स्वयंचलित कपलरचे पेटंट घेतले. दोन हातांची वाकवलेली बोटे एकमेकांत अडकावीत, तसे दोन पोलादी जबडे डबे टेकताच आपोआप अडकतात. उपाय सापडला होता, पण तो पसरला नाही. एका कंपनीने कपलर बदलला आणि दुसरीने बदलला नाही, तर त्यांचे डबे एकमेकांना जोडता येत नाहीत. शिवाय खर्च आजचा आणि लाभ उद्याचा. आयोवाचे लोरेन्झो कॉफिन यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे मोहीम चालवली. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी संसदेला पाठवलेल्या संदेशात रेल्वे कामगाराच्या जिवाच्या जोखमीची तुलना युद्धातील सैनिकाशी केली. अखेर १८९३ मध्ये कायद्याने स्वयंचलित कपलर सक्तीचा झाला. शोध आणि सक्ती यांच्यामध्ये वीस वर्षे गेली.

जपानने हाच बदल वेगळ्या रीतीने घडवला. अनेक वर्षे तयारी करून नवे कपलर डब्यांखाली आधीच टांगून ठेवले गेले. १७ जुलै १९२५ रोजी होन्शू बेटावर मालवाहतूक थांबवून एका दिवसात जुन्या जोडण्या काढल्या गेल्या. सर्वांनी एकाच वेळी बदलायचे ठरवले, की अमेरिकेला अडवणारी अडचण उरत नाही, हे त्या दिवसाने दाखवले.

भारतात बदल टप्प्याटप्प्याने आला. मालगाड्यांच्या वाघिणींना मध्यवर्ती कपलर १९६०च्या दशकापासून बसू लागले. प्रवासी डब्यांसाठी मात्र २००० नंतर आलेल्या एलएचबी डब्यांपर्यंत वाट पाहावी लागली आणि चेन्नईच्या कारखान्यात जुन्या धाटणीच्या डब्यांची निर्मिती २०१८ मध्ये थांबली. या दीर्घ संक्रमणकाळात इंजिनाला दोन्ही प्रकारच्या डब्यांशी जुळवून घ्यावे लागते. म्हणून मधला कपलर आला, तरी अनेक इंजिनांवर बाजूचे बफर राहिलेच.

येथे आणखी एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. हा कपलर फक्त पोलाद जोडतो. ब्रेकची हवा वाहून नेणारे नळ आणि विजेच्या तारा हातानेच जोडाव्या व सोडवाव्या लागतात. ब्रेकच्या नळात प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ५ किलो दाब असतो. तो नळ सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे कॉक बंद करावे लागतात, आणि त्यासाठी माणूस पुन्हा त्याच जागेत उतरतो. जर्मनीत कार्ल शार्फेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केलेल्या कपलरच्या पुढील पिढ्या पोलाद, हवा आणि वीज हे तिन्ही एकत्र जोडतात. मेट्रो गाड्यांत असे कपलर वापरले जातात. म्हणजे माणसाला मधून बाहेर काढणारे तंत्र अज्ञात नाही. ते सर्व गाड्यांपर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

भारतीय कायद्याने कामावरील मृत्यूची दखल १९२३च्या कामगार भरपाई कायद्याने घेतली. त्यामुळे कुटुंबाला मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. हे पाऊल मोठे होते, पण भरपाई अपघातानंतर येते. अपघात टाळण्याचा हिशेब २०१२ मध्ये अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने मांडला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात रेल्वेगाड्यांच्या अपघातांत १,०१९ जण मृत्युमुखी पडले, तर त्याच काळात कामावर असताना सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी मरण पावले आणि ८,७०० जखमी झाले, असे या अहवालाने नोंदवले. गाडी घसरली की देशभर बातमी होते. रूळ तपासणारा, डबे जोडणारा माणूस मात्र एकेकटा मरतो आणि स्थानिक पानावर चार ओळींत संपतो. समितीने स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली, ती याच पार्श्वभूमीवर.

बरौनीत चूक कोणाची होती, हे चौकशीने ठरवावे. पण इशारा चुकणे, आवाज न पोहोचणे, इंजिन हातभर जास्त सरकणे या चुका १८७३ मध्येही होत होत्या आणि यापुढेही होतील. अशी चूक झाली तेव्हा त्या दोन बफरांमध्ये कोणी उभे होते की नव्हते, एवढ्यावरच एका घराचे सारे काही अवलंबून असते.