परका आणि भोगवटादार : खानदेशातील घरगुती वीजजोडणीच्या हक्काचा विकास

नगरांच्या विद्युतीकरणाचा इतिहास सामान्यतः वीजगृहे, त्यांची क्षमता आणि तारांचा विस्तार यांच्या आधारे लिहिला जातो. घराच्या उंबरठ्यापर्यंत वीज कोणत्या अटींवर पोचली, हा प्रश्न त्यात दुय्यम राहतो. परगावाहून किंवा परदेशाहून येऊन बिऱ्हाड करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र तोच प्रश्न पहिला असतो. ज्याचे गावात घर नाही, जामीन राहील असा नातलग नाही आणि ज्याच्या वास्तव्याची मुदत अनिश्चित आहे, अशा माणसाला वीज मागण्याचा हक्क आहे काय? जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरते. कारण खानदेशाची नगरे बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्यांनी घडविलेली आहेत.

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी झाली. लोहमार्ग आणि कापूस यांच्या आधाराने येथील बाजारपेठा वाढल्या. त्यांबरोबर मारवाडी व गुजराती व्यापारी आले. भुसावळास रेल्वेचे नोकर आले. जळगाव, अमळनेर व धुळे येथील गिरण्यांत मजूर आले. पश्चिम खानदेशात स्वीडिश मिशनऱ्यांनी ठाणी उभारली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबे जळगावात व धुळ्यात स्थिरावली. बदलीवर येणारे सरकारी अधिकारी व शिक्षक यांची ये-जा तर अखंड चालू होती. या सर्वांपैकी बहुतेकांचा गावातील पहिला मुक्काम भाड्याच्या जागेत असे.

१९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाने या माणसाविषयी घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. अधिनियमाच्या अनुसूचीतील सहाव्या कलमाप्रमाणे, पुरवठाक्षेत्रातील कोणत्याही वास्तूचा ‘मालक किंवा भोगवटादार’ वीज मागू शकत असे आणि परवानाधारक कंपनीने एका महिन्याच्या आत ती देणे बंधनकारक होते. येथे अर्जदाराची जात, गाव किंवा राष्ट्रीयत्व विचारलेले नाही. घराची मालकीही अपरिहार्य मानलेली नाही. प्रत्यक्ष वास्तव्य, म्हणजे भोगवटा, एवढाच निकष आहे. हक्क व्यक्तीच्या प्रतिष्ठेला न जोडता वास्तूला जोडल्यामुळे परक्या माणसास कायद्याच्या दारात प्रवेश मिळाला.

तथापि याच कलमातील अटी पाहिल्यास त्या प्रवेशाच्या मर्यादा स्पष्ट होतात. कंपनीने मागणी केल्यास अर्जदाराने चौदा दिवसांत लेखी करार व पुरेशी अनामत देऊन किमान दोन वर्षे वीज घेण्याचे बंधन पत्करावे लागे. मुख्य वितरणवाहिनीपासून शंभर फुटांपलीकडे लागणाऱ्या तारेचा खर्च त्याच्यावर पडे. स्वतःच्या जागेतील तारेचा खर्चही त्यानेच सोसावयाचा असे. वर्षभरात बदली होण्याची शक्यता असलेल्या कारकुनाला दोन वर्षांची हमी देणे किती अवघड होते, याची कल्पना सहज येऊ शकते. थोडक्यात, कायद्याने भोगवटादारास हक्क दिला. पण त्या हक्काची रचना स्थिर व ऐपतदार ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून केली.

या अटींमागे कंपन्यांचे अर्थकारण होते. आधी भांडवल गुंतवून तारा टाकावयाच्या आणि नंतर युनिटामागे थोडे थोडे वसूल करावयाचे, अशा धंद्यात किमान उत्पन्नाची शाश्वती हवी असे. ही अपेक्षा केवळ लहान ग्राहकाकडून होती असे नाही. पाणी उपसण्यासाठी लागणाऱ्या विजेबाबत अमॅल्गमेटेड इलेक्ट्रिसिटी कंपनीने जळगाव नगरपालिकेशी केलेल्या करारातही किमान आकाराची अट होती. त्यावरून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ साली निर्णय झाला की, प्रत्यक्ष वापर कमी झाला तरी किमान आकार देण्याचे दायित्व नगरपालिकेवर राहते. जेथे नगरपालिकेची ही स्थिती होती, तेथे एका भाडेकरूची स्थिती काय असेल, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

१९५४ साली मुंबई राज्याचे आणि १९६० साली महाराष्ट्राचे वीज मंडळ स्थापन झाले. नफा मिळविणाऱ्या कंपनीच्या जागी सार्वजनिक मंडळ आले. परंतु अर्जदाराची कागदपत्रे कमी झाली नाहीत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांप्रमाणे घरातील वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करवून घेणे आवश्यक होते आणि जोडणीपूर्वी तिची तपासणी होत असे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे इष्टच होते. यापेक्षा जाचक ठरली ती घरमालकाचे ना-हरकत पत्र मागण्याची वहिवाट. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने चालू असलेली वीज तोडण्यास घरमालकाला मनाई केली होती, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमानेही ते संरक्षण कायम ठेवले. परंतु नवी जोडणी घेताना मालकाने सही नाकारली, तर भाडेकरूचा हक्क कागदावरच राहत असे. ज्या अटीचा १९१० च्या कलमात उल्लेख नाही, ती अशा रीतीने व्यवहारात निर्णायक होऊन बसली.

याउलट, ज्या परक्यास संस्थेचे पाठबळ होते त्याला ही अडचण भासली नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत किंवा १९६८ साली पहिला संच सुरू झालेल्या वीजकेंद्राच्या दीपनगर वसाहतीत घराबरोबरच वीज मिळे. बाहेरगावचा असणे ही अडचण नव्हती. पाठीशी कोणी नसणे ही अडचण होती.

२००३ च्या विद्युत अधिनियमाने जुना कायदा रद्द केला, तरी त्रेचाळिसाव्या कलमात ‘मालक किंवा भोगवटादार’ हीच शब्दयोजना कायम ठेवली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वीज ही मूलभूत सोय असून घरमालकाने ना-हरकत पत्र दिले नाही एवढ्या कारणावरून ती नाकारता येणार नाही. अर्जदार जागेत राहतो की नाही, एवढेच पाहावयाचे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कलमाचा मूळ अर्थच जणू येथे पुनःस्थापित झाला. भारतात कायम वास्तव्य नसलेल्या परकीय नागरिकास येथील स्थावर मालमत्ता सामान्यतः विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याची मात्र त्यास मुभा आहे. तेव्हा त्याच्यापुरता ‘भोगवटादार’ हा एक शब्दच वीजहक्काचा आधार ठरतो.

हक्क वास्तूला जोडल्याचा एक विपरीत परिणामही नोंदविला पाहिजे. वास्तूबरोबर तिची थकबाकीही नवागताच्या वाट्यास येऊ शकते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या ग्राहकाची थकबाकी लिलावात जागा घेणाऱ्यावर लादण्यास नकार दिला होता; २०२३ साली मात्र तशी तरतूद करणारे विनियम वैध ठरविले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विनियमांनी वारसाव्यतिरिक्त इतरांवरील हा भार सहा महिन्यांच्या थकबाकीपुरता मर्यादित केला, ही त्यातल्या त्यात सुरक्षित तडजोड होय.

या विवेचनाचा शेवट खानदेशाबाहेर करणे प्राप्त आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून ऊसतोडणीसाठी गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात जाणारी कुटुंबे हंगामभर फडाजवळच्या कोपीत राहतात. ती कोपी त्यांच्या मालकीची नसते, आणि भोगवट्याचा कागदही त्यांच्याजवळ नसतो. व्यापारी, निर्वासित, नोकरदार व परदेशी यांना ‘भोगवटादार’ या शब्दाने कमीअधिक विलंबाने सामावून घेतले. ज्यांचे वास्तव्य वस्तुतः आहे परंतु ते कोठेही नोंदलेले नाही, अशांपर्यंत त्या शब्दाची व्याप्ती अद्याप पोचलेली नाही. वीजजोडणीच्या हक्काचा इतिहास म्हणजे वास्तव्याला मान्यता मिळण्याचाच इतिहास आहे. आणि खानदेशच्या दृष्टीने तो अपुरा आहे.